आधी आपला सातबारा
(राजूर, ता. भोकरदन येथील जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे, पुढारीपण कसे असावे. या विषयावर बोलायला पुढारी कधी दमत नाहीत, म्हणून आधीच सांगतो, मी थोडक्यात आटोपणार आहे. कापूस वेचायचा राहिलाय, तुमचाही आणि माझाही.

हे राजूर आहे. अंगारकीला जालन्याहून, भोकरदनहून माणसे रात्रभर चालत गणपतीला येतात. त्यांना कोणी चला म्हणत नाही. पुढे चार माणसे चालत असतात, त्यांच्या मागे चाळीस निघतात. मोटारीत बसून काचेतून "चला, चला" म्हणणाऱ्याच्या मागे कोणी गेल्याचे मी तरी पाहिले नाही.

पुढाऱ्यांचे प्रकार तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. एक हुकूम सोडणारा असतो. अकराची सभा, हा दोनला येतो, आणि आल्यावर लोकांनाच शिस्त शिकवतो. दुसरा सगळे स्वतःच करणारा. पावती तोच फाडणार, सतरंजी तोच अंथरणार, भाषण तोच करणार. माणूस भला, पण तो आजारी पडला की तालुक्याची संघटना अंथरुणाला खिळते. या दोघांबद्दल जास्त बोलत नाही. जो लोकांना सांगायच्या आधी ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या वावरात करून पाहतो, त्या तिसऱ्याबद्दल बोलायचे आहे.

शेतकऱ्याला भाषणाने काही पटत नाही, तो बांधावरून पाहतो. आपल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीचे बियाणे आधी स्वतःच्या रानात पिकवले, १९६४ साली महिको कंपनी काढली ती त्यानंतर. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ते व्यापारी होते, आपले त्यांच्याशी बियाण्याच्या भावावरून भांडण होऊ शकते. पण आधी प्लॉट, मग बोलणे, हा क्रम त्यांचा बरोबर होता.

आता शरद जोशींचे घ्या. स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहरात जागतिक टपाल संघटनेत मोठ्या पगाराची नोकरी. ती सोडून हा माणूस परत आला आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. तिथे काकडी लावली, मुंबईला पाठवली, आणि शेवटी आडत्याकडून उलटी पट्टी आली. उलटी पट्टी काय असते ते इथे कोणाला समजावून सांगायला नको. माल आपण द्यायचा आणि वर हमाली, तोलाई, गाडीभाड्याचे पैसेही आपणच पाठवायचे! आळशी आहे, अडाणी आहे म्हणून शेतकरी गरीब आहे असे शहाणे लोक म्हणत होते. जोशी आळशी नव्हते, अडाणी तर मुळीच नव्हते, हिशेब पैशापैशाचा ठेवत होते, तरी तोटा आला. मग दोष शेतकऱ्यात नाही, भावात आहे, हे सिद्ध झाले. पुस्तकात वाचून कोणी हे सांगितले असते तर चाकणच्या कांदेवाल्याने ऐकले नसते. स्वतःच्या पट्टीवरून सांगितले म्हणून ऐकले.

१९८० च्या जानेवारीत वांद्रे ते चाकण ६४ किलोमीटरचा मोर्चा निघाला. मागणी काय, तर भामनेरचा तो रस्ता धड करा. मागणाराही त्याच खडबडीत रस्त्याने सर्वांबरोबर चालत आला. पुढे त्यांचेही सगळे सगळ्यांना पटले असे नाही. आपण मते मागायला येणार नाही असे जाहीर सभांतून सांगणाऱ्या या नेत्याने १९९४ साली पक्ष काढला, २००४ ते २०१० राज्यसभेत बसले. पुष्कळ कार्यकर्ते दुखावले. मला विचाराल तर राज्यसभेत त्यांनी शेतकऱ्याची बाजू मांडली हे खरे, आणि दुखावलेल्यांचे दुखणेही खरे. जो करून दाखवतो त्याच्याकडून लोक जन्मभर तेच माप मागतात. १२ डिसेंबर २०१५ ला ते गेले, अजून लोक ते माप लावतात.

पण त्यांनी सुरू केलेले एक काम आपल्या जिल्ह्यात अर्धवट पडले आहे, आणि मी मुख्यतः त्यासाठी उभा आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. लाखाहून जास्त मायबहिणी आल्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्ती निघाली. नवऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा राजीखुशीने बायकोच्या नावे करायचा. दान म्हणून नाही, तिच्या कष्टाचे देणे म्हणून. गावात १०० घरांनी केले की ते लक्ष्मीमुक्तीचे गाव, आणि जोशी स्वतः तिथे जाणार. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट मोकळी केली.

मग अडले कुठे? मागे एका गावात आपला एक कार्यकर्ता लक्ष्मीमुक्तीवर तासभर बोलला. बोलला झकास. शेवटी एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "बाबा, तुझ्या बायकोच्या नावावर किती हाय?" गडी गप्प. सभा तिथेच संपली आणि त्या गावात नंतर एकही फेरफार झाला नाही. त्या बाईने कोणते शास्त्र वाचले होते?

मी विचारतो आहे तर माझेही सांगणे भाग आहे. चार एकरांपैकी विहिरीजवळचा दीड एकर १९९१ पासून घरच्यांच्या नावावर आहे. मुरमाड नाही, विहिरीजवळचा. भाऊबंदांनी वर्षभर तोंड फिरवले. एका साली मी कपाशी म्हणत होतो, तिने मिरची लावली. मिरचीचा भाव पडला. मी टोमणा मारणार होतो, तेवढ्यात माझ्या कपाशीचेही तेच झाले.

हसू नका, कारण पुढचे हसण्यासारखे नाही. मराठवाड्यात कर्जापायी ज्यांनी जीव दिला त्यांच्या घरी जाऊन पाहा. खुरपणी तिची, वेचणी तिची, कर्ज फेडायचे तिने, आणि सातबारा सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर. पीककर्जाला सातबारा, अनुदानाला सातबारा, मदतीला सातबारा. नाव नसेल तर ती त्या रानात मजूर. आपण रास्त भाव मिळवला तरी तो तिच्या हातात कसा जाणार?

म्हणून आज ठराव नको. ठरावाला हात वर करणे सोपे असते. तालुकाप्रमुख, जिल्हा कार्यकारिणी, व्यासपीठावरचे आम्ही सगळे, आधी आमचे अर्ज. ज्याच्या नावावर जमीनच नाही, बापाच्या नावावर आहे, त्याने बापाला आईचे नाव लावायला राजी करावे. ते काम आणखी अवघड आहे, हे मला माहीत आहे. कोरे अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. सोबत सातबारा आणि आठ-अचा उतारा लावून तलाठ्याकडे द्यायचा, पोच घ्यायची. पुढच्या बैठकीला भाषणाची यादी करण्याआधी फेरफाराच्या नकला पाहू. ज्याची नक्कल नाही त्याने त्या दिवशी बोलायचे नाही, ऐकायचे. मीही त्याला अपवाद नाही, माझी नक्कल आताच अध्यक्षांकडे देतो आहे.