यंत्राचे उत्तर आणि माणसाचा ताळा



या व्यासपीठावरून मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. मी पंडित नव्हे. माझी उमेद कामगार संघटनेच्या कामात गेली आणि शाळेबाहेर जे शिकलो ते कामाच्या निकडीने शिकलो. सभासदांच्या नोंदी, वर्गणी, निवृत्त कामगारांच्या येण्यांचे हिशेब संगणकावर न्यावे लागले, तेव्हा मी डेटाबेस शिकलो. आता तेच काम एआयच्या, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, मदतीने करतो. त्यात जे हाती लागले तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

डेटाबेस हा शब्द परका वाटला तरी वस्तू परकी नाही. पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी असते, तसे येथे तक्ते असतात. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने असे मांडले, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. ती आत कशी साठवली आहे याची विवंचना मागणाराने करू नये, काय हवे एवढेच सांगावे. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी एक भाषा रचली. तीच पुढे एसक्यूएल झाली. तिच्यात लिहिलेल्या मागणीला क्वेरी म्हणतात. ही भाषा पूर्वी शिकावी लागे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि तेव्हापासून साध्या मराठीत सांगितले तरी यंत्र क्वेरी लिहून देऊ लागले.

मग अडचण कोठे उरली? अडचण उरली ती ‘काय हवे’ हे सांगण्यात. एक उदाहरण घेऊ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये घेणारा कामगार १० वर्षे ७ महिने नोकरी करून निवृत्त झाला. त्याची ग्रॅच्युइटी किती? १९७२ च्या कायद्याने दर वर्षाला १५ दिवसांचे वेतन ठरवले. पण महिना किती दिवसांचा धरायचा? मासिक पगारदाराचा महिना या हिशेबात २६ दिवसांचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मान्य केले आणि १९८७ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले. सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा, हाही नियमच. म्हणजे १५ दिवसांचे १५,००० आणि वर्षे ११, रक्कम १,६५,०००.

आता यंत्राला नुसते ‘१५ दिवसांच्या पगाराने हिशेब कर’ असे सांगा. त्याने महिना ३० दिवसांचा धरला तर १,४३,००० येतात. महिने सोडून दिले तर १,५०,०००. दोन्ही चुका एकदम झाल्या तर १,३०,०००. प्रत्येक आकडा सारखाच नीटनेटका छापून येतो आणि कामगाराचे ३५,००० रुपये जातात. तेव्हा पहिला धडा हा, की नियम आधी कागदावर शब्दशः लिहावा, मग यंत्राला द्यावा, आणि ‘तू काय काय गृहीत धरलेस?’ असे त्याला विचारावे.

यंत्राचे ज्ञान ज्या मजकुरातून आले तो जुना असू शकतो, हेही ध्यानात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि वेतनाची व्याख्या बदलली. वेतनाबाहेर ठेवलेल्या ठरावीक बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरची रक्कम वेतनात धरायची असे आता आहे. जुने वाचलेले यंत्र जुन्याच व्याख्येने हिशेब करील, तोही पूर्ण आत्मविश्वासाने.

दुसरा धडा असा, की खरी चूक ओरडून सांगत नाही. व्याकरण चुकले तर संगणक लगेच अडतो. अर्थ चुकला तर तो मुकाट्याने आकडा देतो. सभासद एका तक्त्यात, वर्गणीच्या पावत्या दुसऱ्यात, वारसांची नावे तिसऱ्यात अशी मांडणी असते. तिन्ही तक्ते विचार न करता जोडले, की ज्याने दोन वारस नोंदवले त्याची १,२०० रुपये वर्गणी २,४०० दिसते. दुसरी गंमत कोऱ्या रकान्याची. कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. त्याचा अर्थ ‘माहीत नाही’. वर्गणी न भरलेल्यांची यादी ‘नॉट इन’ या शब्दांनी मागवली आणि एखाद्या पावतीवर सभासद क्रमांकच नसला, तर यादी पूर्ण कोरी येते. ती अनोळखी पावती कोणाचीही असू शकेल, म्हणून संगणक कोणालाच थकबाकीदार म्हणत नाही. आणि बघणारा समजतो, सगळ्यांनी वर्गणी भरली!

यावर उपाय आपल्या जुन्या दिवाणजींचाच आहे. ताळा करावा. दहा माणसांचा हिशेब हाताने करून ठेवावा. त्यांत एक सहा महिन्यांच्या काठावरचा असावा, एक दोन वारसांचा, एक कोऱ्या रकान्याचा. यंत्राची क्वेरी आधी या दहांवर चालवावी. एका यंत्राचे उत्तर दुसऱ्या यंत्राकडून तपासून घेणे हा पुरा ताळा नव्हे. दोघांनी एकच जुने पुस्तक वाचलेले असू शकते.

तिसरा धडा थोडक्यात सांगतो. खोडण्याची किंवा बदलण्याची आज्ञा मूळ वहीवर एकदम चालवू नये. ‘डिलीट’ या आज्ञेपुढे ‘वेअर’ची अट राहिली, तर सारा तक्ता रिकामा होतो. आधी प्रत काढावी, किती ओळी बदलणार ते मोजावे, व्यवहार उघडा ठेवावा आणि आकडा जुळला नाही तर ‘रोलबॅक’ करून मागे फिरावे. आणि बाहेरच्या यंत्राला रकान्यांची नावे द्यावीत, माणसांची देऊ नयेत. आपल्या विश्वासाने कामगाराने दिलेला बँक खाते क्रमांक आपल्या मालकीचा नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. क्वेरी दोन मिनिटांत लिहून होते, म्हणून तीन कारकुनांचे काम एकाने करावे असा सूर अनेक कचेऱ्यांत निघतो. पण ताळ्याला अख्खी दुपार लागते. ती दुपार कोणाच्या हिशेबात धरायची? ती धरली नाही, तर न तपासलेल्या कागदावर सही करण्याची पाळी त्या एकट्या कारकुनावर येते. चूक निघाली की चौकशी यंत्राची होत नाही, सही करणाराची होते.

मी यंत्राचा वैरी नाही. रात्र रात्र जागून होणारी कामे त्याने हलकी केली आहेत. परंतु माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. ताळ्याचा वेळ हा कामाचा वेळ मानला जावा. सही करणाराला नियम आणि क्वेरी पाहण्याचा व शंका असल्यास सही नाकारण्याचा हक्क असावा. नव्या मुलामुलींना हाताने हिशेब करण्याची सवय आधी लावावी, कारण ज्याला उत्तराचा अंदाज नाही त्याला चूक दिसणार नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना उद्या असा छापील आकडा हाती मिळेल: निवृत्तिवेतनाचा, कर्जाचा, विजेच्या बिलाचा. ‘संगणकातून आला आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. हा कसा काढला, असे विचारा.