वस्तूला पूजा नको, नोंद हवी

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर केलेले भाषण)



संग्रहालय हा शब्द ऐकला की मुंबईतील घुमटाची इमारत, काचेची कपाटे आणि त्यांतील राजेरजवाड्यांच्या तलवारी आपल्या डोळ्यांपुढे येतात. शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत राहणाऱ्या, कालपरवा धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाचा त्या इमारतीशी संबंध काय, असे आपणांपैकी कोणी विचारील. माझे उत्तर असे की, तो संबंध फार निकटचा आहे. घराघरांत छायाचित्रे काढणारा मोबाईल आल्यापासून तर संग्रहालयाचे निम्मे काम आपल्याच हाती येऊन पडले आहे. ते काम आपण नीट करणार की त्याची नासाडी करणार, एवढाच आजचा प्रश्न आहे.

संग्रहालयाची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यास आपल्याकडे अभिरक्षक म्हणतात. इंग्रजी शिकलेले लोक त्यास क्युरेटर म्हणतात. त्याची कामे मुख्यतः तीन. काय ठेवावयाचे याची तो निवड करतो, ठेवलेल्या वस्तूची नोंद करतो आणि तिची राखण करतो. यांतील निवड ही एक मोठी सत्ता आहे. जे निवडले गेले तो इतिहास ठरला आणि जे वगळले गेले ते जणू घडलेच नाही. भायखळ्याचे संग्रहालय १८७२ साली उघडले; आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे निरनिराळ्या जातीजमातींचे लोक व त्यांचे पेहराव दाखविणाऱ्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. त्या पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दाखविणारा एक होता आणि दाखविला जाणारा दुसरा होता. आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या बाजूस उभा होता. आपण नमुना होतो, अभिरक्षक नव्हतो.

आता आपल्याच मुलखातील उदाहरण घेऊ. मुरबाडहून वैशाखऱ्यास जाऊन घाट चढला की नाणेघाटाची सातवाहनकालीन लेणी लागते. तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या यज्ञांत दिलेल्या गाईंची, घोड्यांची व नाण्यांची जंत्री आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या प्रतिमा काळाच्या ओघात नष्ट झाल्या. कोठे पायांचे अवशेष तेवढे उरले. परंतु प्रतिमांच्या वर कोरलेली नावे राहिली, आणि त्या नावांवरूनच येथे सिमुक सातवाहन होता, येथे राणी व सातकर्णी राजा होते, हे आपण आज सांगू शकतो. चित्र गेले तरी नोंद बोलते. नोंद गेली की धडधाकट चित्रही मुके होते. त्याच घाटाने ज्यांनी ओझी वाहून नेली, त्यांची नावे मात्र कोणी कोरली नाहीत. ती कोरण्याचे साधन तेव्हा त्यांच्या हाती नव्हते. आज ते आपल्या हाती आहे.

दुसरे उदाहरण सोपाऱ्याचे. हे स्थळ पूर्वी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात गेले. तेथील स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सर्वांत आत सोन्याचा करंडक, भोवती आठ बुद्धमूर्ती, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे मिळाले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. पंडितजींनी कोणती वस्तू कोठे व कशी सापडली हे जागच्या जागी टिपून प्रसिद्ध केले. म्हणून आज शंभराहून अधिक वर्षांनीही या भूमीत बौद्ध धम्म नांदत होता, हे आपण कोणाच्याही मेहरबानीवाचून सिद्ध करू शकतो. त्या टिपणाविना ते करंडक म्हणजे सराफाच्या दुकानातील माल ठरले असते.

अशा स्थितीत समाजमाध्यमांचे युग आले आणि संग्रहालयांच्या भिंती सैल झाल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली फिरत्या बसमधून वस्तू गावोगाव नेण्यास आरंभ केला. त्याच वर्षी दलित स्त्रियांच्या पुढाकाराने एप्रिल महिना दलित इतिहासाचा महिना म्हणून इंटरनेटवर पाळला जाऊ लागला. २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग येथे जागतिक संग्रहालय परिषदेने संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली आणि तीत लोकसमूहांच्या सहभागास स्थान दिले. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि गुलाबी लुगड्यांतील त्या आजींची चित्रे जगभर पोहोचली. आपल्या खेड्यातील चित्र जगापुढे जाण्यास आता कोणा साहेबाची परवानगी लागत नाही.

या नव्या शक्तीचा प्रत्यय २०२५ साली आला. उत्तर प्रदेशातील पिप्राहवा येथे १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने स्तूप खणला होता. तेथे भगवान बुद्धांच्या धातूंबरोबर मिळालेल्या रत्नांपैकी काही त्याच्या वंशजांकडे राहिली. त्यांचा लिलाव ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला ठरला होता. ही वार्ता पसरताच देशोदेशीच्या बौद्धांनी व विद्वानांनी जाहीर निषेध केला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली, लिलाव थांबला आणि जुलैअखेर ती रत्ने एका भारतीय उद्योगसमूहाच्या साह्याने मायदेशी परतली. परंतु हा विजय केवळ आरडाओरडीचा नव्हता, हे विसरू नका. ती रत्ने कोणत्या स्तूपातून, कोणत्या साली, कोणाच्या हातून निघाली याची नोंद होती. म्हणून नोटिशीस वजन आले.

येथेच माझ्या बोलण्याचा गाभा आहे. चित्र पुढे पाठविणे म्हणजे जपणे नव्हे. आपल्या गटांत रोज जुनी छायाचित्रे फिरतात. कोणाचे, कोठले, केव्हाचे याचा पत्ता नसतो. खाली कोणीतरी मनास येईल ती ओळ जोडलेली असते. तथागतांनी केसपुत्त नगरीत कालामांना हाच उपदेश केला होता की, केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे एवढ्यावरून काही मानू नका. पुढे पाठविलेला संदेश ही आजची ऐकीव गोष्टच होय. आपण खोट्या पुराणांचा त्याग केला. मोबाईलवर नवी पुराणे रचण्यासाठी नव्हे.

आता मी वकील या नात्याने बोलतो. आपणांपैकी पुष्कळांना वाटते की, दीक्षा घेतली, जुने नाव टाकले. मग ते नाव लिहिलेले जुने कागद कशाला ठेवावयाचे? ही भावना स्वाभिमानाची आहे आणि मी तिचा आदर करतो. तथापि व्यवहार काय आहे तो ऐका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलतींचे दार बौद्धांसाठी उघडले. परंतु जात-पडताळणीत १० ऑगस्ट १९५० हा दिनांक कळीचा असतो. त्या दिवसापूर्वी आपले कुटुंब कोठे राहत होते आणि त्याची नोंद कोणत्या जातीत होती, हे दाखवावे लागते. त्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील उतारा, वतनाचे कागद लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जमातीच्या दाव्यासंबंधीच्या एका निकालात स्वातंत्र्यपूर्व कागदांचे पुराव्यादाखल मोल अधिक असल्याचे म्हटले आहे. ज्या कागदावर आपला अपमान लिहिला आहे, तोच कागद नातवंडांच्या हक्काचा साक्षीदार आहे. त्यास पूजू नका, पण जाळूही नका.

कायद्यात आणखी एक तत्त्व आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९२ अन्वये तीस वर्षांचा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर तो खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. ‘योग्य ताबा’ हे दोन शब्द मनात कोरून ठेवा. कागद जेथे असावयास हवा तेथेच होता, हे आपणांस दाखविता आले पाहिजे. अभिरक्षकाचे सारे शास्त्र या दोन शब्दांत आले. मोबाईलमधील चित्राची गोष्ट निराळी. ते पुरावा म्हणून दाखल करावयाचे तर कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. गटागटांतून फिरून आलेल्या चित्राचा आकार घटतो, ते केव्हा काढले याची आतील नोंद बहुधा गळून पडते आणि मूळ यंत्र कोणते याचाही पत्ता लागत नाही.

कोणी म्हणतील, वस्तू जपल्या की त्यांचा पुन्हा देव्हारा होईल. ही भीती अनाठायी नाही. परंतु देव्हारा आणि संग्रहालय यांत भेद आहे. देव्हाऱ्यात प्रश्न विचारावयाचा नसतो. संग्रहालयात प्रश्न विचारावयाचाच असतो. परमपूज्य बाबासाहेबांच्या नित्य वापरातील वस्तू नानकचंद रत्तू यांनी जपल्या. त्या नागपूरच्या वामनराव गोडबोले यांच्याकडे आल्या आणि चिचोलीच्या शांतिवनात राहिल्या. माईसाहेबांनी दिलेल्या वस्तूंचे संग्रहालय पुण्यास सिंबायोसिस संस्थेत १९९६ साली झाले. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ साली राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली घेतले. बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून खंडरूपाने छापले गेले, म्हणून ते आज आपल्या वाचनात येते. ही माणसे पुजारी नव्हती. त्यांनी साक्ष राखली.

तेव्हा प्रत्येक घराने काय करावे? एक पेटी करा आणि एक वही करा. पेटीत कागद, छायाचित्रे व जुन्या वस्तू ठेवा. वहीत प्रत्येकीविषयी पाच गोष्टी लिहा. ती काय आहे, कोणाची होती, कोठून आली, केव्हाची आहे आणि आता कोणाच्या ताब्यात आहे. आपल्या डोंगरपायथ्याचा पाऊस आणि वाळवी यांची आठवण ठेवून पेटी जमिनीपासून उंच व कोरड्या जागी ठेवा. मूळ कागदास लॅमिनेशन करू नका. मोबाईलवर त्याचे स्वच्छ चित्र काढा. ते एकाच यंत्रात न ठेवता दोन ठिकाणी ठेवा. घरातील वृद्धांना बोलते करा. पाणवठ्याची, वतनाच्या कामाची, दीक्षेच्या दिवसाची हकिकत त्यांच्याच आवाजात घ्या आणि आरंभी नाव, गाव व तारीख उच्चारून घ्या. दीक्षाविधीचे केवळ चलच्चित्र करून थांबू नका; दिनांक, स्थळ, दीक्षा देणाऱ्या भिक्खूंचे नाव आणि दीक्षा घेणाऱ्यांच्या सह्या कागदावर घ्या.

दोन सावधगिरीच्या सूचना. जातीचे दाखले व ओळखपत्रे गटांत टाकू नका. ती परक्याच्या हाती पडतात. आणि नांगरताना वा पाया खणताना मूर्ती, नाणी वा कोरीव दगड निघाला, तर तो विकू नका, जागचा हलवू नका. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि पुराणवस्तू परदेशी नेण्यावर १९७२ च्या कायद्याचे निर्बंध आहेत. ज्या जागी ती सापडली, ती जागा हीच तिची पहिली नोंद असते.

बंधुभगिनींनो, हजारो वर्षे आपला इतिहास दुसऱ्यांनी निवडला, दुसऱ्यांनी लिहिला आणि दुसऱ्यांनीच कुलुपात ठेवला. आता निवड आपली, लेखणी आपली आणि किल्लीही आपली आहे. आज घरी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांना विचारून पेटीतील एका तरी कागदाची नोंद करा, आणि उद्या दुसऱ्याची. हक्क मागताना जेव्हा कोणी विचारील की पुरावा काय, तेव्हा आपल्या लेकरांनी खाली मान घालून नव्हे, वही उघडून उत्तर द्यावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!