ज्येष्ठमधाची गोडी आणि तिचे माप

आपल्या सातपुड्यात रानातल्या औषधांना तोटा नाही, पण खोकल्यावर चघळतात ती ज्येष्ठमधाची काडी मात्र अक्राणीच्या किंवा तोरणमाळच्या डोंगरातली नसते. हे झुडूप इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियाच्या कोरड्या मुलखातले. चरकसंहितेने त्याला जीवनीय द्रव्यांत घेतले आणि घशाला हितकर अशा कंठ्य द्रव्यांतही. दुरून आलेले हे मूळ महाराष्ट्रात इतके घरचे झाले की ते बाळगुटीत जाऊन बसले. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग यांच्या जोडीने ज्येष्ठमधाचे मोजके वेढे सहाणेवर उगाळायचे, ही रीत. वेढा म्हणजे मात्राच. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे आज डॉक्टर सांगतात आणि ते ऐकलेच पाहिजे. पण त्या रीतीत मापाची जी जाण होती, ती मोठ्यांच्या औषधातून आज निघून गेली आहे. ज्येष्ठमध आपण ठेवला, माप सोडले.

ज्येष्ठमधाचा गुण खोटा नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्या तर भुलीच्या नळीमुळे होणारी घशाची दुखी कमी होते, हे लखनौच्या डॉक्टरांनी २००९ साली चाचणी घेऊन दाखवले. गोडी येते ती ग्लिसिरायझिनमुळे. साखरेपेक्षा सुमारे ५० पट गोड असे हे द्रव्य. नेदरलँड्समध्ये १९४६ च्या सुमारास रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी पोटातल्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रणांना उतार पडला, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. कारण पुढे उलगडले. आपल्या शरीरातल्या कॉर्टिसॉलला मूत्रपिंडात आवरून धरणारे एक विकर असते आणि ज्येष्ठमध तेच अडवतो. मग अंगात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते, रक्तदाब चढतो. पोटॅशियम फार उतरले तर स्नायूंतले बळ जाते, हृदयाची लय बिघडते. म्हणून रोज १०० मिलिग्रॅमहून अधिक ग्लिसिरायझिन नियमित घेऊ नये, असा युरोपात सल्ला आहे. चांगल्या मुळात ते वजनाच्या चार टक्के धरले, तर तीन ग्रॅम चूर्णातच १२० मिलिग्रॅम होते. म्हणजे रोजच्या एका चमच्यातच ही मर्यादा ओलांडली जाते.

यावर कोणी म्हणेल, आजी-पणजीने दिले तेव्हा कोणाला काही झाले नाही. खरे आहे, पण त्यांनी दिले ते घसा बसला तेवढ्यापुरते, उगाळून किंवा काडी चघळायला. पित्तावर महिनोन्‌महिने चूर्णाचे डबे संपवणे ही परंपरा नव्हे. शिवाय रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, हृदयासाठी डिगॉक्सिन अशी औषधे त्या काळच्या घरांत नव्हती. आज ती आहेत, आणि त्यांच्यासोबत ज्येष्ठमध घेणे धोक्याचे. गरोदर बाईने तर तो औषध म्हणून घेऊच नये. मग टाकूनच द्यावा का? तसेही नाही. दोन-चार दिवस घशासाठी घेतल्याने निरोगी माणसाचे सहसा काही बिघडत नाही.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट. गुंजेचा पाला आणि मूळ चवीला गोड लागते, म्हणून ज्येष्ठमधाच्या जागी गुंजेचे मूळ खपवले जाते. त्याच वेलीच्या लाल-काळ्या बीमध्ये अ‍ॅब्रिन हे जहाल विष असते. टणक कवचामुळे अख्खे बी कधी तसेच बाहेर पडते, पण चावलेले किंवा कुटलेले बी जीव घेऊ शकते. तेव्हा गोड लागले म्हणून रानातले मूळ ज्येष्ठमध समजू नका, आणि लहान मुलांच्या गळ्यात गुंजांच्या माळा घालू नका. घरात कोणी रोज ज्येष्ठमध घेत असेल, तर पुढच्या खेपेला आरोग्य केंद्रात गेल्यावर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा आणि रक्तदाब मोजून घ्या.