सयाजीराव : एका अश्वाची कुळकथा

१९४५ सालीं विलायतेंतील एका लिलावांत बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्यासाठीं एक वर्षाचें एक शिंगरूं २८,००० गिन्यांस घेण्यांत आलें. त्या वेळच्या हुंडणावळीनें ही रक्कम सुमारें ३ लक्ष ९२ हजार रुपये होते. एवढें मोल तेथें कोणत्याही शिंगरास पूर्वीं आलें नव्हतें, आणि हें तर अद्याप एकदांही धांवलें नव्हतें!

मोल होतें तें कुळाचें. बाप नीअर्को १४ शर्यती धांवून एकदांही हरला नव्हता. आई रोझी लेजेंड. आणि सख्खा थोरला भाऊ दान्ते याच वर्षीं डर्बी जिंकलेला. शंकरपटाचा नाद असलेल्या वाशीमकडील शेतकऱ्यास यांतील मर्म समजावून सांगावें लागणार नाहीं. परंतु सख्ख्या भावांत एक पराक्रमी आणि दुसरा सामान्य निघणें ही गोष्ट जनावरांत माणसांइतकीच नित्याची आहे. म्हणून हा सौदा धाडसाचाच होता.

महाराजांनीं घोड्यास आजोबांचें नांव दिलें. ज्या सयाजीरावांनीं १९०६ सालीं राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, त्यांच्या नांवाचा असा उपयोग आदराचा कीं राजविलासाचा, याविषयीं मतभेद होण्यास पुरेशी जागा आहे.

१९४७ च्या वसंतांत निराशाच पदरीं आली. एक मैलाच्या ‘टू थाउजंड गिनीज’मध्यें ट्यूडर मिन्स्ट्रेलनें आठ घोड्यांच्या अंतरानें बाजी मारली व सयाजीराव तिसरा आला. एप्समच्या डर्बींतही तिसराच. मात्र त्याचें बळ वेगापेक्षां दमांत होतें. अंतर वाढलें तशी त्याची योग्यता दिसूं लागली. आयर्लंडची डर्बी त्यानें जिंकली आणि सप्टेंबरांत डोंकास्टर येथें पावणेदोन मैलांहून किंचित् अधिक लांबीच्या सेंट लेजर शर्यतींत एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन स्वारानें त्याला फ्रान्सच्या आर्बारपुढें अवघ्या एका डोक्यानें काढलें. हाच ब्रिट १९४३ सालीं मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर पहिल्या इंडियन डर्बींत बडोद्याच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीवर विजयी झाला होता. १९४८ सालीं ॲस्कट येथील हार्डविक स्टेक्सही सयाजीरावानें मिळविली.

त्यानंतर तो वंशवृद्धीसाठीं ठेवण्यांत आला. इकडे १९४९ सालीं बडोदें मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि १९५१ सालीं भारत सरकारनें प्रतापसिंहरावांना पदच्युत केलें. घोड्याच्या घराण्यास मात्र बरे दिवस आले. त्याची कन्या ग्लॅडनेस हिनें १९५८ सालीं ॲस्कट गोल्ड कप जिंकला. दुसरी कन्या लिंक्रिस १९६० सालीं आयरिश ओक्सची मानकरी झाली. दोन्ही शर्यती दमाच्याच! त्याचा पुत्र इंडियाना १९६४ च्या डर्बींत दुसरा आला आणि त्याच वर्षीं डोंकास्टरला बापाची सेंट लेजर त्यानेंही जिंकली. सयाजीराव तेव्हां वीस वर्षांचा होता. १९६६ सालीं तो मरण पावला.