कप्पा की चिठ्ठी?

इंदूरच्या एखाद्या जुन्या मराठी घरातील माळ्यावरची पेटी खाली काढावी, तर तीत मोडी पत्रे, लग्नपत्रिका, हिशेबाच्या वह्या आणि पिवळी पडलेली छायाचित्रे एकत्र निघतात. त्यांच्या प्रती संगणकात भरणे आता मुळीच अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते भरलेले पुन्हा सापडणे.

समजा, महेश्वरच्या घाटाचे एक छायाचित्र आहे. ते कोठे ठेवावे? इतिहासात, स्थापत्यात, नर्मदेच्या तीर्थांत, की अहिल्याबाईंच्या चरित्रात? लाकडी कपाटापुढे हा प्रश्न खरा होता, कारण एक पुस्तक एकाच फळीवर राहू शकते. म्हणून तर ग्रंथपालांनी विषयांचे वृक्ष रचले: खोड, फांद्या, डहाळ्या. मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धती 1876 साली निघाली, आणि आजही ती जगभर चालते. परंतु वृक्ष लावणाऱ्याच्या अंगणातच वाढतो. ड्यूईंच्या धर्मविभागात 220पासून 289पर्यंतचे आकडे ख्रिस्ती धर्माला मिळाले, आणि हिंदू, बौद्ध, इस्लाम आदी उरलेले सारे धर्म 290च्या दशकात दाटीवाटीने बसविले गेले. ख्रिस्ती वाचकालाही हे पाहून अवघडल्यासारखे व्हावे!

संगणकाला फळीचे बंधन नाही. एका छायाचित्राला दहा चिठ्ठ्या डकवाव्या. दहाही वाटांनी ते हाती येते. या चिठ्ठ्यांनाच टॅग म्हणतात. 2003 साली निघालेल्या डिलिशस या संकेतस्थळाने ही रीत लोकप्रिय केली. पुढच्याच वर्षी आलेल्या जीमेलने टपालासाठी फोल्डरऐवजी अशीच लेबले दिली. वृक्ष गेला, मोकळे रान मिळाले, असे अनेकांना वाटले.

परंतु मोकळ्या रानात चुकामूकही होते. एकजण ‘इंदूर’ लिहितो, दुसरा ‘इंदोर’, तिसरा हिंदीच्या सवयीने ‘इंदौर’. कोणी अहिल्याबाई लिहितो, कोणी अहल्याबाई, कोणी देवी अहिल्या. माणसाला हे सारे एकच. यंत्राला मुद्दाम सांगितले नाही तर ती निराळी नावे. उलट ‘घाट’ ही एकच चिठ्ठी महेश्वरच्या पायऱ्यांनाही लागते आणि महूकडून तिकडे उतरताना लागणाऱ्या जामच्या घाटालाही.

या पेचाचे उत्तर संगणकाच्या कितीतरी आधी एका गणिताच्या प्राध्यापकाने दिले होते. शियाळी रामामृत रंगनाथन 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले: त्याच पट्ट्या आणि तेच खिळे, जोडणी बदलली की नवी वस्तू. 1933 साली प्रसिद्ध झालेली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती याच कल्पनेवर उभी आहे. विषयाला ठरलेली जागा शोधू नये. त्याचे घटक सुटे करावे आणि हवे तसे जोडावे. पुढे त्यांनी हे घटक पाच मानले: व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थल आणि काल. हेच रंगनाथन 1957 ते 1959 या काळात इंदूरशेजारच्या उज्जैनला विक्रम विद्यापीठात अध्यापन करीत होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

तेव्हा कप्पा की चिठ्ठी, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. पत्र, छायाचित्र, वही असे चार-सहा कप्पे खुशाल करावे, कारण वस्तू काय आहे यावर सहसा वाद होत नाही. ती कशाविषयी आहे, यावर मात्र होतो. तेथे व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या निरनिराळ्या चौकटी असाव्या, आणि नावे एका ठरलेल्या यादीतूनच घ्यावी. सुचेल ती चिठ्ठी लावण्याची मुभाही जोडीला असू द्यावी. यादीत नसलेला शब्द बहुधा तिच्यातूनच प्रथम येतो. एकट्याचीच शे-दोनशे छायाचित्रे असतील, तर एवढा खटाटोप व्यर्थ आहे. पण चार हात वर्षानुवर्षे भर घालणार असतील, तर यादी सांभाळणारे एक माणूस हवे. ‘इंदोर’ लिहिणाऱ्यालाही ‘इंदूर’चे सारे कागद दिसतील, अशी जोडणी त्याने करून ठेवावी. यंत्र विकत घेताना या माणसाचा विचार सहसा कोणी करीत नाही, आणि पुण्याला गेलेली नात ‘इंदूर’ लिहून शोधीत बसते. आजोबांचे छायाचित्र ‘इंदौर’खाली पडून असते.