चेन्नईच्या किनाऱ्यावरील निरोप



धर्मकार्यासाठी घर सोडून परमुलखात गेलेल्या माणसांची चरित्रे विपुल आहेत. त्यांना निरोप देऊन घरी परतलेल्या आईबापांविषयी मात्र त्या चरित्रांत बहुधा एकदोनच वाक्ये सापडतात. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे ही एकदोन वाक्ये होत.

घर सोडून जाणारा मुलगा भारतीय परंपरेला अपरिचित नाही. बाल शंकराचार्यांचा पाय मगरीने धरला आणि त्या संकटाच्या क्षणी आईकडून त्यांनी संन्यासाची अनुमती मिळवली, अशी आख्यायिका आहे. जांबेचा नारायण बोहल्यावरून निघून गेला आणि पुढे समर्थ रामदास म्हणून परतला, ही कथा तर मराठी घरांत मुलांनाही ठाऊक असते. दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. पालकांनी मुलाला आपण होऊन पाठविलेले नाही. त्यांची संमती एकतर युक्तीने मिळविलेली आहे किंवा घेतलेलीच नाही. ह्याहून वेगळा प्रसंग सिंहली पाली ग्रंथ ‘महावंस’ ह्यात येतो. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन सिंहलद्वीपाकडे निघाली, तेव्हा राजा ताम्रलिप्ती बंदरापर्यंत तिच्यासोबत गेला, गळ्याइतक्या पाण्यात उतरला आणि गलबत दूर जाताना हात जोडून अश्रू ढाळीत उभा राहिला, असे तेथे वर्णिले आहे. पुत्र महेंद्र त्यापूर्वीच गेला होता. ग्रंथकार सांगतो की राजाचे अश्रू बोधिवृक्षासाठी होते. वाचकाने त्यावर किती विश्वास ठेवावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ताम्रलिप्तीचे बंदर गाळाने बुजून गेले. अशा निरोपांचा सलग इतिहास आढळतो तो चेन्नईच्या किनाऱ्यावर. १९९६ पर्यंत ह्या शहराचे अधिकृत नाव मद्रास होते. प्रसंगानुसार दोन्ही नावे येतील.

मद्रासला दीर्घकाळ बंदर असे नव्हतेच. गलबते किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माणसे व माल ह्यांची ने-आण मसुला नावांतून होई. ह्या नावांच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत; त्यांत खिळा नसे, कारण खिळ्यांनी जोडलेली ताठर नाव त्या लाटांच्या माऱ्यात फुटून जाई. शिवलेली नाव लाटेबरोबर लवे. दगडी धक्के बांधून कृत्रिम बंदर करण्याचे काम १८७६ साली सुरू झाले आणि पुरे होत आले असतानाच १८८१ च्या नोव्हेंबरातील चक्रीवादळाने त्याची मोठी हानी केली. तोवर निरोप देणाऱ्याला वाळूवर उभे राहून पाहावे लागे, ते म्हणजे आपले माणूस तीन-चार उंच लाटांमधून वर-खाली होत जाणारे. गलबत सुटण्याआधीच तो जीव मुठीत धरून उभा असे.

ह्या वाळूशी सर्वांत अधिक काळ संबंध आला, तो स्कडर घराण्याचा. त्या घराण्याच्या कथेचा उगम मुंबईत आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांनी व त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल ह्यांनी मुंबईत बसून एक पुस्तिका लिहिली. जगातील साठ कोटी अख्रिस्ती लोकांच्या वतीने अमेरिकेतील तरुणांना केलेले ते आवाहन होते. ती न्यूयॉर्कमधील एका रुग्णाच्या घरी जॉन स्कडर नावाच्या तरुण डॉक्टरच्या हाती पडली. रुग्णाची वाट पाहता पाहता त्याने ती चाळली आणि त्याच्या घराण्याच्या पुढील चार पिढ्यांचे भवितव्य बदलले. लेखकांचे दैव मात्र निराळे होते. न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने वारले. हॉल ह्यांनी १८२५ साली पत्नीला व दोन लहान मुलांना प्रकृतीच्या कारणास्तव अमेरिकेच्या गलबतावर बसवून दिले. एक मुलगा प्रवासातच दगावला आणि पुढच्याच वर्षी नाशिक-त्र्यंबकच्या परिसरात फिरत असता हॉल स्वतः पटकीला बळी पडले. पत्नीची व दुसऱ्या मुलाची त्यांच्याशी पुन्हा भेट झाली नाही.

जॉन स्कडर पत्नी हॅरिएट व दोन वर्षांची मुलगी ह्यांच्यासह १८१९ च्या जूनमध्ये बोस्टनहून निघाले. वडिलांची ह्या जाण्याला संमती नव्हती. चार महिन्यांच्या प्रवासानंतर कुटुंब कलकत्त्यास पोहोचले आणि काही दिवसांतच मुलगी वारली. तेथून ते सिंहलद्वीपातील जाफना प्रांतात गेले व १८३६ साली मद्रासला आले. त्यांची मुले ह्याच दोन ठिकाणी वाढली. निदान काही वर्षांची होईपर्यंत वाढली. कारण त्या काळातील मिशनरी कुटुंबांची एक रीतच होती. मूल शाळेच्या वयाचे झाले की त्याला गलबतावर बसवून मायदेशी पाठवावयाचे. पटकी, ताप, उन्हाळा आणि योग्य शाळेचा अभाव ही कारणे दिली जात, आणि ती खोटी नव्हती. परंतु केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारे पत्र पोहोचण्यास चार-पाच महिने लागत आणि उत्तर येण्यास तेवढेच. आठ वर्षांच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हाती पडे, तेव्हा तो नऊ वर्षांचा झालेला असे.

स्कडर दांपत्याचा मुलगा हेन्री मार्टिन ह्याला १८३२ साली, वयाच्या सुमारे दहाव्या वर्षी, अमेरिकेस पाठविण्यात आले. १८४४ साली तो स्वतः मिशनरी होऊन मद्रासला परतला, तेव्हा मधे बारा वर्षे गेलेली होती. हॅरिएटने पाठविले होते एक पोर आणि तिच्या दारी आला बावीस वर्षांचा गृहस्थ. ती १८४९ साली मद्रासलाच वारली. तिचे सात मुलगे भारतात मिशनरी झाले, ही गोष्ट घराण्याच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. ज्या आईने मुलांना दूर धाडले, तिच्याच कामावर ती मुले परत आली, हे कसे घडले असावे? धर्मनिष्ठा हे एक उत्तर झाले. जेथे आई होती, तो देश म्हणजेच घर, हेही उत्तर असू शकेल. पण प्रचारपुस्तिकांत त्याला जागा मिळाली नाही.

सर्वच मुले राजीखुशीने परतली नाहीत. इडा स्कडर हे ह्याचे ठळक उदाहरण होय. सर्वांत धाकट्या जॉनची ही मुलगी १८७० साली राणीपेट येथे जन्मली. मद्रास इलाख्यातील १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात, स्वतः सहा-सात वर्षांची असताना, अशक्तपणामुळे हातही न उचलणाऱ्या मुलांच्या तोंडात भाकरीचे तुकडे घालण्याचे काम तिने केले होते. पुढे कुटुंब अमेरिकेस गेले. वडील १८८२ साली एकटेच भारतात परतले, आणि काही काळाने आईही त्यांच्या मागे गेली. किशोरवयीन इडा शिकागोला नातलगांच्या घरी राहिली. आई निघाली त्या रात्री तिला स्थानकावर येऊ दिले नाही आणि आईच्या रिकाम्या बिछान्यावर पडून ती रडत राहिली, असे तिच्या चरित्रात येते. येथे निरोपाची दिशा उलटी आहे. सेवेला निघाली होती आई, आणि मागे राहिले होते मूल. आपण मिशनरी कदापि होणार नाही, हा निश्चय इडाने ह्याच काळात केला, आणि त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

१८९० साली आई आजारी पडली म्हणून ती थोड्या मुदतीसाठी तिंडिवनमला आली. तेथील एका रात्रीची हकिकत प्रसिद्ध आहे. एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि आणखी एक उच्चवर्णीय हिंदू असे तीन पुरुष एकामागून एक दारी आले. प्रत्येकाची तरुण पत्नी प्रसूतीत अडली होती. इडाचे वडील डॉक्टर होते, परंतु परपुरुषाने तपासावे हे त्यांपैकी कोणासही मान्य नव्हते. त्यांना इडा हवी होती, आणि इडाला वैद्यक येत नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. त्यानंतर तिने वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेचे गलबत धरले. ह्या वेळी वाळूवर उभे राहण्याची पाळी आईबापांची होती. १८९९ साली ती कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टर झाली आणि १९०० च्या आरंभी परतली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वडील वारले. १९०२ साली वेल्लोरचे रुग्णालय उभे राहिले, १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा निघाली आणि त्यातूनच आजचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज वाढले. शिकागोला मुलीला सोडून आलेली आई सोफिया उरलेल्या आयुष्यात वेल्लोरला ह्या मुलीपाशीच राहिली. शिकागोच्या त्या रात्रीविषयी दोघी कधी बोलल्या असतील काय, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

मुले पाठविण्याची ही रीत हळूहळू मोडली, त्याला एका शाळेचेही साहाय्य झाले. १९०१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी कोडाईकनाल येथे आपल्या मुलांसाठी शाळा काढली. तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका मार्गारेट एडी ह्या स्वतः मिशनरी नव्हत्या. मिशनरी होऊन आलेला आपला मुलगा शेरवूड ह्याला भेटण्यासाठी त्या भारतात आल्या होत्या. मुलाच्या ओढीने समुद्र ओलांडून आलेल्या एका आईने इतर आयांची मुले त्यांच्यापासून दूर जाऊ नयेत म्हणून शाळा चालवावी, हे ह्या सबंध इतिहासातील सर्वांत समंजस कृत्य म्हटले पाहिजे.

ह्याच शेरवूड एडीचा जिवलग मित्र वेदनायगम सॅम्युएल अजरय्या. त्याच्यापासून ह्या कथेची दिशा पालटते. तोवर परदेशी आईबाप आपली मुले भारतात पाठवीत होते. आता भारतीय आईबापांवर तो प्रसंग आला. अजरय्यांचा जन्म १८७४ साली तिरुनेलवेली जिल्ह्यातील वेळ्ळालनविळै ह्या खेड्यात झाला. आईवडिलांना लग्नानंतर तेरा वर्षांनी झालेले हे मूल. बायबलमधील हन्नेप्रमाणे आईने ते देवाला वाहण्याचे ठरविले होते आणि म्हणूनच नाव सॅम्युएल ठेवले. नवसाने झालेले मूल देवाला देणे ही कल्पना खंडोबा-यल्लम्मेच्या मुलखात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. तिच्यातील क्रौर्यही तेथे ठाऊक आहे. वडील १८८९ साली वारले. मुलगा मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकला व वाय. एम. सी. ए.चा कार्यकर्ता झाला.

१९०२ साली अजरय्या जाफन्याला गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती मंडळी स्वतःच्या पैशाने दूरदेशी प्रचारक पाठवितात हे पाहून ते ओशाळले. दुसऱ्याच वर्षी फेब्रुवारीत तिरुनेलवेलीला इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली. माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि कारभारही भारतीय, हे तिचे सूत्र होते. कार्यक्षेत्र निवडले ते निजामाच्या राज्यातील दोर्णकलचे. तमिळ माणसाला ते परदेशासारखेच होते. भाषा तेलुगू, अन्न वेगळे, राज्यही वेगळे. १९०९ साली अजरय्या स्वतः सहकुटुंब तेथे गेले, १९१२ साली अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले आणि १९४५ च्या पहिल्या दिवशी दोर्णकललाच वारले. ह्या मंडळींना निरोप मिळाला तो रेल्वेच्या फलाटावर. रेल्वेच्या निरोपात समुद्राचे भय नसते, आणि गाडी चुकीच्या वेळी सुटते म्हणून शेवटचे वाक्य अर्धेच राहते.

धर्मांतराविषयी भारतात जो वाद आहे, त्यात अजरय्याही सापडले आणि महात्मा गांधींनीही त्यांच्या कार्यावर आक्षेप घेतले होते. तो वाद मोठा आहे, येथे त्याचा निवाडा करावयाचा नाही. पाठविणाऱ्या आईचे दुःख मुलाच्या कार्याच्या योग्यायोग्यतेवर अवलंबून नसते, एवढेच येथे नोंदविणे पुरेसे आहे.

आज समुद्राची वाट मागे पडली आहे. १९३२ साली टाटांची हवाई टपाल कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत सुरू झाली आणि शहराच्या दक्षिणेस मीनंबक्कमचा तळ वाढत गेला. त्या तळापासून जवळच परंगी मलै, म्हणजे संत थॉमसची टेकडी आहे. इसवी सन ७२ मध्ये थॉमस येथे मारला गेला, अशी परंपरागत श्रद्धा आहे. थॉमसविषयीच्या प्राचीन ग्रंथात तर असे आहे की, भारतात जाण्यास त्याने साफ नकार दिला होता आणि शेवटी एका व्यापाऱ्याला दास म्हणून विकला जाऊन तो निघाला. धावपट्टीवरून उडणाऱ्या किती जणांना ही गोष्ट ठाऊक असते, कोण जाणे.

विमानतळावर सोडण्यास आलेल्यांना सहसा प्रवेशद्वारापाशीच थांबावे लागते. तिकीट पाहणारा जवान, सामानाची ढकलगाडी, डब्यात भरून दिलेली चटणी-पूड, एकच छायाचित्र पुन्हा पुन्हा काढणारा धाकटा भाऊ, आणि मग काचेपलीकडे जाणारी पाठ. धर्मसेवेला निघालेल्या मुलामुलींच्या पालकांत आणि नोकरीला निघालेल्यांच्या पालकांत बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. फरक आहे तो नंतरच्या काळात. येशू ख्रिस्ताच्या लेटर-डे सेंट्स चर्चचे उदाहरण घ्यावे. ह्या पंथाचे सभासद चेन्नईतही आहेत आणि त्याचे बंगळूर येथील मिशन १९९३ सालचे आहे. त्यातील तरुण दोन वर्षे आणि तरुणी दीड वर्ष घरापासून दूर सेवा करतात. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांना घरी दर आठवड्यास पत्र किंवा ई-मेल लिहिता येई. परंतु आईवडिलांशी प्रत्यक्ष बोलणे होई ते वर्षातून साधारण दोनदा, नाताळला व मातृदिनाला. त्या महिन्यात नियम बदलला आणि दर आठवड्याला ठरावीक दिवशी दूरध्वनीवर किंवा चलच्चित्रासह बोलण्याची मुभा मिळाली. हॅरिएट स्कडरला जे बारा वर्षांत पाहावयास मिळाले नाही, ते मुलाचे तोंड आता सातव्या दिवशी दिसते. तो बारीक झाला आहे काय, हेही आईला विचारावे लागत नाही.