फुंकणी आणि नळी

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील महिला मंडळे, बचत गट आणि आशा कार्यकर्त्या यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला निरोप आला तो 'बायकांचे छातीचे आजार' यावर बोलायचं असा. मी डॉक्टर नाही. आजाराबद्दल जेवढं कळलंय तेवढं सांगेन, पण मला खरं बोलायचंय ते जरा वेगळ्या गोष्टीवर. आपल्या गावात एखादी संस्था येते, बरोबर अर्ज असतात, एक यंत्र असतं आणि म्हणतात, "ताई, या नळीत जोरात फुंका." तेव्हा त्या बाईनं काय करायचं? आणि आपण, ज्या स्वतःला कार्यकर्त्या म्हणवतो आणि बायकांना घरातून काढून त्या रांगेत बसवतो, त्यांनी काय करायचं?

माझ्या हातून झालेलं आधी सांगते. बरीच वर्षं झाली. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात असंच एक पथक आलं. कोणाचं ते सांगत नाही, आज त्याचा उपयोगही नाही. मी घरोघर फिरले. "चला गं, फुकट तपासणी आहे," असं सांगून तीसेक बायका शाळेच्या व्हरांड्यात आणून बसवल्या. त्यात आमच्या आळीतल्या एक मावशी होत्या. जन्म चुलीपुढं गेलेला. दोन हंडे पाणी आणलं की उंबऱ्यावर बसून धाप टाकायच्या. त्यांनी चार वेळा फुंकलं, पाचव्यांदा डोळ्यांपुढं अंधारी आली. पथकानं चहा पाजला, कागद गोळा केले आणि जीप गेली. पुढं दोन वर्षं मावशी भेटल्या की विचारायच्या, "माझ्या फुंकण्याचं काय झालं गं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती तपासणी नव्हतीच, तो अभ्यास होता. तपासणी आपल्यासाठी असते, अभ्यासातून निघणारं ज्ञान सगळ्यांसाठी असतं. आपल्याला त्यातून काही मिळेलच असं नाही. हा फरक मला कोणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. मावशी मात्र माझ्या शब्दावर आल्या होत्या.

एवढं होऊनही मी 'अशा अभ्यासात जाऊ नका' असं म्हणणार नाही. का, ते सांगते.

धापेचा जो जुनाट आजार असतो, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, त्यात श्वासनळ्या आतून सुजून अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे नासतात. गेलेलं परत येत नाही. औषधानं आराम पडतो, उतरण थोडी धीमी होते. कितीतरी वर्षं हा आजार म्हणजे विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार असंच पुस्तकात होतं. बाई धापा टाकत गेली तर डॉक्टर विचारणार, "विडी ओढता का?" ती म्हणणार, "नाही बा, मशेरी लावते." मग दमा नाहीतर टीबी. थुंकी तपासा, पुन्हा तपासा, घरी जा.

हे चित्र बदललं ते बायकांकडं नीट पाहिल्यामुळं. दिल्लीत डॉ. एस. पद्मावती होत्या, देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ, १०३ वर्षं जगून २०२० मध्ये गेल्या. फुप्फुसं खराब झाल्यानं हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, अशा १२७ रोग्यांचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यासह १९५९ मध्ये छापला. त्यात बायका जवळजवळ पुरुषांइतक्याच निघाल्या, आणि बहुतेक बायका विडी ओढणाऱ्या नव्हत्या. मग धूर आला कुठून? चुलीतून. १९५९! पुढं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या चार खेड्यांत कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा खेचणारी छोटी यंत्रं लावली आणि भाकरी थापताना नाकाशी किती धूर जातो ते मोजलं. त्या बायकांची नावं कुठं छापलेली नाहीत. पण यंत्र अंगावर बांधून भाकऱ्या त्यांनीच केल्या.

२००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी लिहिलं की सीओपीडीच्या रोग्यांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच तंबाखू ओढलेली नसते. तेव्हा जगात सुमारे १ अब्ज माणसं तंबाखू ओढत होती, तर लाकूड, शेणी, काडीकचऱ्याच्या धुरात सुमारे ३ अब्ज माणसं राहत होती. म्हणजे आपला आजार पुस्तकात लिहिला गेला तो कोणीतरी फुंकलं म्हणून. आपल्याच जिल्ह्यात वढू बुद्रुक आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजींनी तिथं गावातल्या बायकांना बरोबर घेऊन आरोग्याचं काम उभं केलं. २००२ पासून तिथल्या २२ गावांत केईएमचं संशोधन केंद्र घरोघरच्या जन्म-मृत्यूच्या आणि आजारपणाच्या नोंदी ठेवतंय. २०१७ पासून एडिनबरा विद्यापीठाबरोबर श्वसनाच्या आजारांवरच्या कामातही ते सामील झालं. असं सलग, वर्षानुवर्षं मोजलं तरच काही कळतं. एका दिवसाच्या जीपनं कळत नाही.

आता कोणी म्हणेल, गॅस आला, चूल गेली. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, सिलिंडर घरोघर आले हे खरं. पण आपल्या घरात काय आहे ते आपण एकमेकींना खरं सांगू. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी बंबात किंवा परसातल्या चुलीवर. सिलिंडर संपला की पुढचा कधी आणायचा ते घरातला पैसेवाला ठरवतो. सरपण मात्र बाई आणते, आणि बाईची मेहनत फुकट धरलेली असते. वेडी बाभळ, तुराट्या, पाचट, गोवऱ्या, जे हाताला येईल ते. त्यात तोडणीनंतर फडात पाचट पेटवतात त्याचा धूर वेगळा. २०१९ साली देशात हवेच्या प्रदूषणानं १६ लाख ७० हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे. त्यातले सुमारे ६ लाख १० हजार घरातल्या धुराचे.

आणि एक बाई यातल्या कुठल्याच वहीत सापडत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही कारखान्याच्या पट्ट्यात हंगामात जा. कोयता आलेला असतो, बीडकडून, नगरकडून. पहाटे तीनला कोपीत तीन दगडांची चूल पेटते, धूर जायला वाट नसते, पोरं तिथंच झोपलेली असतात. सहा महिने ती बाई इथं, सहा महिने गावाकडं. अभ्यासवाले नोंद घेतात ती कायम राहणाऱ्या घरांची. ती गावाकडं गेली की इथून कमी, आणि तिथं पथक येतं तेव्हा ती इथं. संशोधक मुद्दाम वगळतात असं मी म्हणत नाही, त्यांना पुन्हा पुन्हा भेटणारी माणसं लागतात. पण कोपीतल्या बाईचा धूर मोजायचा असेल तर अभ्यासाला हंगामाबरोबर चालावं लागेल. हे आपण सांगायला हवं, कारण ती स्वतः सांगायला मोकळी नसते.

नळीत फुंकण्याबद्दल थोडं. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी ते केलं नसेल. नाकाला चिमटा लावतात, छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि सगळा जोर लावून, शेवटचा कण निघेपर्यंत फुंकायचं. किमान तीन वेळा तरी बरोबर जमावं लागतं. पहिल्या सेकंदात किती हवा निघाली आणि एकूण किती, याचं प्रमाण काढतात. मग श्वासनळ्या रुंदावणारं औषध ओढायला देऊन पुन्हा फुंकायला लावतात. दुखत नाही. पण पोटावर जोर येतो. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, पोटाची असो की डोळ्याची, किंवा अलीकडं हृदयाचा झटका येऊन गेला असेल, तर फुंकू नये, आधी सांगायचं. आणि हे पुरुष पथकापुढं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते: ज्यांना खोकताना-शिंकताना लघवी होते, ज्यांचं अंग बाहेर येतं, त्यांना असं फुंकणं म्हणजे शिक्षा. बाई लाजेनं अर्धवट फुंकते, आणि कागदावर 'सहकार्य केले नाही' असा शेरा पडतो. पथकात एक बाई असावी, आधी लघवीला जायला जागा असावी, आडोसा असावा. साध्या गोष्टी आहेत, पण मागितल्याशिवाय होत नाहीत.

आता सगळ्यात नाजूक भाग. काही अभ्यासांत गट पाडतात. एका गटाला नवी गोष्ट देतात, दुसऱ्याला नेहमीचंच चालू ठेवतात आणि तुलना करतात. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाबाबत असं झालं. १ लाख ३१ हजारांहून जास्त निरोगी बायका, चार गट. तीन गटांच्या वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला नेहमीची सेवा. २००९ साली निष्कर्ष आले: एचपीव्ही तपासणीच्या गटात त्या कर्करोगानं ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात ६४. त्या अभ्यासानं जगाला मोठं ज्ञान दिलं, हे खोटं नाही. पण चौथ्या गटातल्या बायकांना आपण कशाला होकार देतोय ते पुरतं कळलं होतं का, यावरून पुढं मोठा वाद झाला. चुलीबाबतही असे अभ्यास झाले. तामिळनाडूसह चार देशांत गरोदर बायकांच्या अर्ध्या गटाला गॅस मोफत दिला, उरलेल्या सरपणावरच राहिल्या, त्यांच्यासाठी मोबदल्याची सोय आधीच ठरवली होती. २०२२ मध्ये कळलं की बाळाच्या वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही. हेही कळणं महत्त्वाचं. पण 'मी कोणत्या गटात आहे, आणि या गटात मला काय मिळणार नाही' हे विचारायचा हक्क प्रत्येकीला आहे.

आपल्या चळवळीला हे नवं नाही. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पतनचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायका जमवल्या होत्या. ही चाचणी आहे हे त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं. तिथल्या स्त्री शक्ती संघटनेच्या मैत्रिणींनी हरकत घेतली, आणि १९८६ मध्ये 'सहेली' वगैरे गट मिळून सर्वोच्च न्यायालयात गेले. आज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत स्पष्ट आहे की माहितीपत्रक आपल्या भाषेत हवं, त्याची प्रत आपल्याकडं राहायला हवी, वाचता येत नसेल तर अंगठ्याच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हवा, मधेच केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळं दवाखान्यातले आपले उपचार थांबत नाहीत, अभ्यासामुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई. नवऱ्याची परवानगी घ्यायची रीत कुठं असली तरी ती बाईच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही.

तर त्या पहिल्या फजितीनंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा एक पथक आलं. या वेळी आमच्या मंडळानं त्यांना आधी चावडीत बसवलं. मी विचारलं, आमचा कागद आम्हाला कधी मिळणार? त्यांच्यातली एक तरुण मुलगी म्हणाली, अहवाल छापायला तीन वर्षं लागतील. म्हटलं, अहवाल नाही विचारत, हिचा कागद. खूप वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं: महिन्याच्या आत प्रत्येकीला तिचा आकडा मराठीत, बिघाड असेल त्या बाईला दवाखान्याची चिठ्ठी, खुरपणीच्या दिवसांत शिबिर नाही, आणि रोज बुडाला तर रोजाचे पैसे. सगळं पाळलं गेलं असं नाही. रोजाचे पैसे निम्म्या जणींनाच मिळाले. पण कागद आले. चार बायकांना चिठ्ठ्या मिळाल्या, तिघी दवाखान्यात गेल्या. चौथीच्या घरचे म्हणाले, पंप लागला असं कळलं तर पोरीचं लग्न जमणार नाही. तिच्याकडं मी अजून जाते.

मावशी तोवर गेल्या होत्या.

आशाताई इथं बसल्यात म्हणून त्यांना एक विचारते. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ओढायचा पंप बारा महिने मिळतो का? नसेल मिळत तर आजार शोधून काढून त्या बाईच्या हातात आपण काय देणार, हेही पथकाला पहिल्याच बैठकीत विचारा.

त्या वेळचं आमचं माहितीपत्रक आणि संमतीचा अर्ज, दोन्हीच्या झेरॉक्स मी आणल्यात, वीस प्रती आहेत. चहा होईपर्यंत दोघी-दोघींत एक घ्या आणि मोठ्यानं वाचा. तिसऱ्या पानावर रक्ताचा नमुना किती वर्षं ठेवणार असं एक वाक्य आहे, ते आमच्याकडून तेव्हा वाचायचं राहून गेलं होतं. तिथून सुरुवात करू.